डॉक्टर चौकोन भरतात

“उस्ताद, तीस वर्षं मी लोकांच्या दाढा भरतोय. हे चौकोन भरायला मला काय धाड भरलीय?”

दातांचे डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा गॅरेजवाल्या उस्तादाने नुसती मान हलवली. दोघांनी दोन वर्षं खपून डॉक्टरांच्या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये एका थोराड गाडीचं इंजिन बसवलं होतं. गाडी इतकी हलकी, की शेजारी कुणी शिंकलं तरी डुलायची! आता तिच्या कॉम्प्युटरला नव्या इंजिनाची भूक शिकवायची होती: कुठल्या वेगाला किती पेट्रोल, एकेक आकडा लॅपटॉपवरच्या तक्त्यातल्या एकेका चौकोनात.

“दोन दिवस द्या,” उस्ताद म्हणाला.

पण डॉक्टरांना धीर कुठला! पेशंटच्या उघड्या तोंडात बघतानासुद्धा त्यांना डोंगरातला रस्ता दिसायचा, धुकं दिसायचं, आणि त्यातून पिसासारखी तरंगत जाणारी आपली गाडी.

रविवारी सकाळी त्यांनी बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसले.

“मी सांगेन तसं कर हं.”

“पंचवीस वर्षं दुसरं काय करतेय?” म्हणत ती निघाली.

रिकामा रस्ता, कोवळं ऊन, काचेवरून सरकणाऱ्या सावल्या! वरच्या वेगाचे चौकोन भराभर भरले. इंजिन गुणगुणायला लागलं. दोन वर्षं या गाडीला ‘सवत’ म्हणणारी बायको चक्क हसत होती. डॉक्टरांचे डोळे अर्धवट मिटले. खालच्या वेगाच्या रांगा कोऱ्याच होत्या. भरू सावकाश!

तेवढ्यात चौक आला. बायकोने पाय काढला आणि इंजिन आचके द्यायला लागलं.

“अहो, मरतंय हे!”

“दाब! पाय दाब!”

इंजिनाच्या जिवात जीव आला आणि गाडी भुर्रकन चौकातल्या गोल बागेला वळसा घालू लागली.

“भरा ना ते चौकोन!”

“त्यासाठी वेग कमी करावा लागेल!”

“कमी केला की मरतंय!”

“म्हणून तर राहिलेत!”

वळणावर लॅपटॉप दाराकडे घसरला, त्याच्यामागोमाग डॉक्टर. दोन फेऱ्या झाल्या, पाच झाल्या! बागेतले म्हातारे दर फेरीला हात हलवायला लागले. बायकोही त्यांना हात करायला लागली. सातव्या फेरीला ट्रॅफिक पोलीस आडवा आला. करकचून ब्रेक! इंजिनाने मान टाकली, ती टाकलीच.

“काय काका, रस्ता सापडत नाही?” पोलिसाने विचारलं.

डॉक्टरांनी गुपचूप फोन लावला. उस्ताद आपला लॅपटॉप काखोटीला मारून आला.

“उठा, डॉक्टर.”

डॉक्टर निमूट उतरले. उस्ताद त्यांच्या जागी बसला. पाच मिनिटांत त्याने खालच्या रांगा भरल्या आणि इंजिन दूध प्यायलेल्या मांजरासारखं घुरघुरायला लागलं.

“वहिनी, जरा फिरवून बघावी लागेल.”

“डोंगरापर्यंत जाऊ या?” वहिनींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गिअर टाकला.

सीट दोनच. डॉक्टर पोलिसाशेजारी उभे राहिले. आपली गाडी दूर जाताना त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. झाडांपलीकडे तो सूर चढत गेला, चढत गेला, अगदी स्वप्नात यायचा तस्सा! डॉक्टरांचे डोळे भरून आले.

“काका,” पोलीस हळूच म्हणाला, “बसचा थांबा तिकडे आहे.”