फाटकापाशी अडलेला चहा

"हिल्डे, चहा गरम आण हं! आणि पायवाट सोडायची नाही. एक फूल जरी तुडवलंस तर बघ!"

सिरिलला देवाघरी जाऊन वर्षं झाली, पण त्याचा आवाज काही हिल्डाबाईंच्या कानातून गेला नव्हता. रानात ब्लूबेलची निळी फुलं फुलली की त्याच्या लाडक्या म्हाताऱ्या ओकच्या बुंध्याशी वाफाळता चहा ओतायचा, असा शब्दच दिला होता त्यांनी नवऱ्याला. दरवर्षीचा नेम. आजवर कधी चुकला नव्हता, आणि आज तर चुकणं शक्यच नव्हतं!

रानाच्या फाटकाशी बुटात खडा टोचला. एका वेळी एकच माणूस आत जाईल असं ते फिरतं फाटक. बाईंनी तिथेच बूट काढून झटकला. मागे एक गृहस्थ अदबीने थांबले. बूट चढवला, तर हातमोजा गायब! "अगं बाई, हातमोजा!" म्हणत बाई तरातरा गाडीपर्यंत गेल्या, हातमोजा घेऊन परतल्या, आणि बघतात तो काय? फाटकापासून ही लांबलचक रांग!

रांग दिसली की शेवटी उभं राहायचं, हे बाईंच्या रक्तातच. राहिल्या.

"कसली हो रांग?"

"कुणास ठाऊक!" पुढची लाल टोपीवाली म्हणाली. "पण एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी असणारच की!"

रांग तसूभर हलेना. मध्ये घुसणं म्हणजे महापाप, आणि बाजूने जावं तर फुलंच फुलं! त्यात थर्मासचं झाकण सैल. चहा निवत चाललेला.

"पुढे कुणीतरी ठाण मांडून बसलंय!" बाई कडाडल्या. "काही रीतभात आहे की नाही माणसाला? मी तक्रार करणार!"

"कराच!" रांग एका सुरात म्हणाली.

"कोण तो दीडशहाणा, विचारा जरा!"

प्रश्न तोंडोतोंडी पुढे सरकला. फाटक धरून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनी मान वळवली आणि हॅट उंचावली.

"आलात का बाई? सापडला ना हातमोजा? या, या! तुमचा नंबर राखून ठेवलाय मी!"

अख्खी रांग मागे वळली.

"सॉरी... सॉरी..." अंग चोरून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला पुटपुटत बाई फाटकातून आत शिरल्या. चहा जेमतेम कोमट उरला होता. वाफाळत होते ते फक्त त्यांचे कान. थर्मास कोटाखाली छातीशी धरून, वाट न सोडता, त्या गुपचूप ओककडे निघाल्या.