दीक्षाचा निधी आणि भाऊंचा फ्लेक्स

सरकारी कागद पुढं कसा सरकवायचा, हे मला कोणी शिकवू नये! छत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. साहेब बदलले, मंत्री बदलले, कचेरीचा रंग तीनदा बदलला, पण धम्मानंद गजभिये आपल्या खुर्चीत पक्का. म्हणून माझ्या पोरीचा, दीक्षाचा, अर्ज शेवटच्या फेरीत पोहोचला तेव्हा मी बायकोला छाती काढून म्हटलं, "सुमती, तू काळजी करू नको वं. मी आहो ना!"

"म्हणूनच तर काळजी वाटून राहिली," सुमती म्हणाली.

अर्ज कसला, ते आधी सांगतो. दीक्षा नॅनोटेक्नॉलॉजीतली डॉक्टर आहे. रामटेककडच्या राइसमिलमधून ती धानाच्या तुसाची राख आणते आणि तिच्यातून अशी काही बारीक पूड काढते, की ती विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेते. किती बारीक? एकदा तिनं मला बाटली दाखवली. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं, मला नुसतं पाणीच दिसलं. "दिसत नाही बाबा, एवढी बारीक राहते ते," ती म्हणाली. आता न दिसणारी कामं मीही नोकरीत पुष्कळ पाहिली होती, पण त्यावर डॉक्टरकी मिळते हे मला नवीन होतं!

एवढी शिकलेली पोरगी सात वर्षांपासून कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. प्रयोगशाळा म्हणाल तर जुन्या सामानाच्या खोलीत एक टेबल. अशात केंद्र सरकारची तरुण संशोधकांसाठी एक योजना निघाली. पाच वर्षं पगार, यंत्रं, स्वतःची प्रयोगशाळा! अट एकच, अर्ज करताना वय पस्तिशीच्या आत हवं. दीक्षाची मार्चमध्ये पस्तीस पूर्ण होणार. म्हणजे हाच पहिला आणि हाच शेवटचा अर्ज. "हे नाही झालं तर बाबा, मी एखादा कोचिंग क्लास धरीन," असं ती एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली. हसत म्हणाली, पण निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत होती.

अर्ज पहिल्या फेरीतून पार पडला, दुसऱ्या फेरीतून पार पडला, आणि पत्र आलं की गुरुवारी अकरा वाजता तीन तज्ज्ञ कॉलेजात येऊन काम पाहतील, मुलाखत घेतील. दीक्षानं ते पत्र माझ्यापुढं धरलं.

"बाबा, कलम चौदा वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "उमेदवाराने अथवा उमेदवारातर्फे अन्य कोणीही कोणत्याही मार्गाने शिफारस आणल्यास अर्ज तत्काळ रद्द समजण्यात येईल." अहो, वाचायचं काय त्यात! हे वाक्य मी स्वतः हजार वेळा टाइप केलेलं!

"समजलं ना? कोणाले काही बोलू नका."

"मी कुठं बोलतो कोणाले!"

खरं सांगतो, मी फक्त मनोहररावांशी बोललो. तेही मंगळवारी सकाळी, तर्री-पोहे खाता खाता. मनोहरराव म्हणजे आमच्या प्रभागाचे भाऊ. निवडणूक दोनदा हरले, पण उत्साह जिंकलेल्यापेक्षा जास्त. वस्तीत सिमेंटचा रस्ता होवो, नळाला पाणी येवो, नाहीतर विजेची डीपी जळाल्यावर लाइट परत येवो, चौकात फ्लेक्स हजर: "भाऊंच्या अथक प्रयत्नांना यश!"

"काय गा धम्मानंद, पोरीचं काय सुरू हाये?" भाऊंनी विचारलं.

"दिल्लीचा निधी यायचा आहे. गुरुवारी कमिटी येऊन राहिली कॉलेजात. बघू काय होते ते."

"होऊन जाईन!" भाऊ म्हणाले आणि पोह्यांवर आणखी तिखट तर्री ओतली. मग म्हणाले, "तिचा एक फोटो पाठव ना मले. तुहाही पाठव."

आता पोरीचा फोटो कोणी मागितला की बापाच्या मनात काय येतं? मला वाटलं, भाऊंच्या पाहण्यात एखादं स्थळ असेल. मी दोन्ही फोटो पाठवले आणि वरून आणखी एक प्लेट पोहे खाल्ले!

गुरुवारी दीक्षा सातलाच कॉलेजात गेली आणि डबा घरी विसरली. साडेनऊला सुमतीनं मला डबा देऊन स्कूटीवर पिटाळलं. जाताना बजावलं, "डबा द्या अन् वापस या. तिथं कोणाशी ओळख काढत बसू नका."

मी कॉलेजच्या गेटपाशी पोहोचलो, स्कूटी लावली आणि सहज वर पाहिलं.

गेटशेजारच्या लोखंडी सांगाड्यावर पंधरा फुटांचा फ्लेक्स! मधोमध मनोहरराव, हात जोडलेले, गळ्यात सोन्याची साखळी. वर लाल अक्षरांत: "मा. मनोहररावभाऊंच्या शिफारशीला व अथक प्रयत्नांना यश! प्रभागाची कन्या डॉ. दीक्षा गजभिये हिला केंद्राचा भरघोस निधी मंजूर!" एका कोपऱ्यात दीक्षा, तिच्या मावसबहिणीच्या लग्नातली, खांद्यावर सुमतीचा अर्धा पंजा तसाच ठेवून कापलेली. दुसऱ्या कोपऱ्यात चक्क जेसीबी! बहुतेक मागच्या सिमेंट रस्त्याचाच फ्लेक्स दुरुस्त करून वापरला होता. आणि खाली, काळा चष्मा लावून, हसत हसत, "शुभेच्छुक: धम्मानंद गजभिये (सेवानिवृत्त)".

शिफारस! तोही शब्द नेमका ठळक अक्षरात! मी घाईघाईनं फोन लावला.

"भाऊ, हे काय केलं तुम्ही?"

"अगा, आभार काहून मानतो! पोरगी आपलीच हाये."

"आभार नाही मानून राहिलो, भाऊ! अजून काही मंजूर झालं नाही! आज तर मुलाखत आहे!"

मला वाटलं, आता भाऊंच्या लक्षात आलं. भाऊ म्हणाले, "म्हणजे काम अटकलं हाये? मंग आधी नाही का सांगायचं! थांब, मीच येतो. कमिटीले समोरासमोर सांगतो."

"नका येऊ, भाऊ! हात जोडतो!"

"लाजू नको गा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. उचलतच नव्हते, निघाले होते ना!

दहा वाजून पाच मिनिटं. मी गेटवरच्या वॉचमनला, ताराचंदला, गाठलं. "शिडी दे, हा फ्लेक्स काढायचा आहे."

"भाऊचा फ्लेक्स? आत्ता आठलेच तं त्यायचे पोरं लावून गेले. ना जी! माही नोकरी जाईन."

"अरे, माझाही फोटो आहे त्यावर. मी शुभेच्छुक आहो!"

ताराचंदनं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "चष्म्यात बरे दिसता," म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "काढायले मनाई हाये. झाकायले कोणी मनाई केली नाही."

असा माणूस माझ्या कचेरीत असता तर मी त्याला बढती दिली असती! त्यानंच आपल्या खोलीतून एक मोठा कपडा काढून दिला, मागच्या कुठल्याशा कार्यक्रमातला, लाल सॅटिनचा, वर सोनेरी झालर आणि बाजूला लोंबणारी दोरी. मी शिडीवर चढलो, खाली ताराचंदनं शिडी धरली, आणि दहा मिनिटांत मनोहरराव, दीक्षा, जेसीबी आणि मी, सगळे लाल पडद्याआड गडप! मी खाली उतरून घाम पुसला. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

पाच मिनिटांत चार पोरं जमली, मग चाळीस. दोन प्राध्यापक थांबले. "काय आहे हो आज?" एकानं विचारलं. "माहीत नाही जी, मोठंच असन काही," ताराचंद म्हणाला. कोणीतरी सतरंजी आणली. कोणीतरी माइक आणला, "हॅलो, हॅलो" सुरू झालं. शेवटी प्राचार्य कृष्णकांत सर टायची गाठ आवळत धावत आले.

"कसलं अनावरण आहे? मला कोणी सांगितलंच नाही!"

"काही नाही, सर! रंगकाम चालू आहे!" मी म्हटलं.

"लाल सॅटिनमध्ये?"

तेवढ्यात जीप थांबली आणि हातात पुरुषभर लांब हार घेऊन मनोहरराव उतरले. सरांनी लाल पडदा पाहिला, हार पाहिला, भाऊ पाहिले. त्यांचा सगळा हिशेब जुळला. "या, या भाऊ!" म्हणत ते भाऊंकडे वळले, आणि मी दोघांच्या मधे शिरून भाऊंच्या कानात "चला ना, पोहे खाऊ!" असं काहीतरी पुटपुटत असतानाच पांढरी गाडी आत वळली.

अकराला सात कमी. कमिटी!

पुढच्या सीटवरून उतरल्या त्या पुण्याच्या अरुंधती मॅडम, कमिटीच्या अध्यक्ष. पांढरे केस, सुती साडी, नजर अशी की मी आपोआप डबा पाठीमागं लपवला. दीक्षा फाइल छातीशी धरून पायऱ्यांवर उभी होती. तिनं गर्दी पाहिली, लाल पडदा पाहिला, मला पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यामागं काय आहे हे तिला माहीत नव्हतं, पण बाप तिला चांगला माहीत होता.

"मॅडम, काय योग आहे!" प्राचार्य माइकवर म्हणाले. "आपल्याच शुभहस्ते अनावरण होऊ द्या!"

"कशाचं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ नुसते गालात हसले.

"नको!" मी ओरडलो. "मॅडम, ओढू नका! दोरी कच्ची आहे!"

"अहो, मागं सरा तुम्ही!" सर माझ्यावर खेकसले. मॅडमनी घड्याळ पाहिलं, "लवकर आटपा मग," म्हणाल्या आणि दोरी ओढली.

टाळ्या पडल्या. मग हळूहळू विरल्या. मॅडम फ्लेक्स वाचत होत्या, एकेक अक्षर. "शिफारशीला व अथक प्रयत्नांना यश," त्या मोठ्यानं म्हणाल्या. माइक चालूच होता, सगळ्या आवारात ऐकू गेलं.

"डॉक्टर गजभिये, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, मॅडम." दीक्षानं मॅडमकडे सरळ पाहून सांगितलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सात वर्षं तासिका घेऊन, सुट्ट्यांत राख चाळून इथवर आलेली माझी पोरगी! मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी डब्यासकट आत जावं.

"मॅडम, चूक माझी आहे!" माझ्या तोंडून निघालं. "मी तिचा बाप. कलम चौदा मला तोंडपाठ आहे, तरी मी बोललो. फोटोही मीच दिला, लग्नासाठी असेल म्हणून. तिनं हजारदा बजावलं होतं. पाहिजे तर माझी पेन्शन थांबवा, पण तिचा अर्ज थांबवू नका!"

मॅडमनी वरचा काळा चष्मा आणि खालचा घामेजलेला चेहरा ताडून पाहिला. मग त्या मनोहररावांकडे वळल्या.

"आपण शिफारस केलीत?"

"हो जी!" भाऊ खुलले. "थेट वरपर्यंत!"

"वर म्हणजे कोणाकडे?"

"वर म्हणजे... दिल्लीले."

"आणि विषय काय सांगितलात?"

भाऊंनी दीक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी आधारासाठी फ्लेक्सकडे पाहिलं. तिथं फक्त जेसीबी होता.

"सिमेंटीकरण," भाऊ म्हणाले.

कोणी हसलं नाही. मॅडमनी शेजारच्या सदस्याला सांगितलं, "नोंद करा. शिफारस झालेली नाही. शिफारस करणाऱ्यांना विषयच माहीत नाही." मग दीक्षाला म्हणाल्या, "चला, तुमचं काम दाखवा." आणि मला, "तुम्ही इथंच थांबा. कृपा करून."

अडीच तास मी ताराचंदच्या स्टुलावर, माझ्याच फोटोखाली बसून होतो. भाऊ हार परत घेऊन कधी गेले कळलंही नाही. सुमतीचे नऊ फोन येऊन गेले, एकही उचलायची छाती झाली नाही. दीडच्या पुढं कमिटीची गाडी निघून गेली. दीक्षा आली, माझ्या हातातून डबा घेतला, उभ्या उभ्या चार घास खाल्ले.

"भाजीत मीठ नाही," ती म्हणाली. महिनाभर तेवढंच बोलली माझ्याशी.

चार महिन्यांनी निकाल लागला. झाली हो निवड! दीक्षानं सुमतीला शपथ घालून सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, राइसमिलवाल्याला सांगितलं. मला आठव्या दिवशी कळलं, तेही ताराचंदकडून. मी रडलो तिथंच, त्याच्या स्टुलावर बसून. मनोहरराव मात्र सगळीकडे सांगत फिरतात, "मी तं चार महिने आधीच फ्लेक्स लावला होता!"

परवा डबा द्यायच्या निमित्तानं मी तिची नवी प्रयोगशाळा पाहून आलो. खोली मिळाली आहे. एक यंत्रही आलं आहे, दुसऱ्या कॉलेजातून उसनं. निधीचा पहिला हप्ता मात्र अजून यायचा आहे. पत्रात लिहिलं आहे, "यथावकाश वितरित करण्यात येईल." हेही वाक्य छत्तीस वर्षं मीच टाइप करून लोकांना पाठवत होतो! ते वाचणाऱ्याला कसं वाटतं, ते मला आता समजलं.

वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीचं बेसिन आहे, ते गळतं. म्हणून दीक्षानं यंत्रावर जाडजूड प्लास्टिक पांघरलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर तोच फ्लेक्स, चौघडी घातलेला!

"तुमची बाजू मुद्दाम वर ठेवली बाबा," ती म्हणाली, आणि त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा मनापासून हसली.

वरून थेंब पडत होता, बरोबर शुभेच्छुकाच्या काळ्या चष्म्यावर. मी डबा टेबलावर ठेवला आणि बादली शोधायला गेलो.