पाथर्डीतलं बंदर

शाळामास्तर म्हणून पाथर्डीत रुजू झालो, त्या दिवशी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना मी पोस्टाचा रस्ता विचारला.

"सरळ जा," ते म्हणाले. "खाडी लागंल, ती ओलांडा. डाव्या हाताला मिठागरं सोडली की कोळीवाडा. तिथंच पोस्ट हाय."

पाथर्डीहून समुद्र गाठायचा तर एस.टी. तीनदा बदलावी लागे. आणि मी तर भूगोलाचा मास्तर! तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "गुरुजी, खाडी म्हंजी कोरडा ओढा. मिठागरं म्हंजी उकिरडे. अन् कोळीवाडा म्हंजी खाटीक गल्ली. हुईल सवय."

ते निवृत्तीअण्णा, आणि आतल्या जनाकाकू. अण्णा मोजणी खात्यातले. ऐन तरुणपणी त्यांची बदली कोकणात माडबंदर नावाच्या चिमुकल्या गावी झाली. तिथल्या नगरपालिकेची हद्द मोजून नकाशा करायचं काम. नऊ वर्षं ते तिथं होते. पुढं इकडचा सगळा जिल्हा फिरून निवृत्त झाले, पण डोक्यातलं गाव काही बदललं नाही.

"केवढी हो तुमची ती नगरपालिका?" मी एकदा विचारलं.

"या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस 'शतंजीव' म्हणंल, एवढी," अण्णा म्हणाले. मग रुपयाच्या हिशेबात सगळी जमीन वाटून दाखवली. "चार आणे डोंगर. चार आणे माड न् पोफळी. दोन आणे मिठागरं, दोन आणे घरं. ऱ्हायले चार आणे. ते भरतीला समुद्राचे, ओहोटीला नगरपालिकेचे!"

"मोजल्याबिगर बोलू न्हाई" हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्याकडं पहिल्यांदा चहाला आले तेव्हा खोलीत चारी बाजूंनी पावलं टाकून म्हणाले, "गुरुजी, तुमची चूल भाड्याची जागा सोडून घरमालकाच्या हद्दीत हाय." पुतणीच्या लग्नात मांडव मोजून त्यांनी नवरदेवाच्या बापाला शांतपणे सांगितलं, की नवरदेव सध्या शेजाऱ्याच्या जमिनीवर बसलेला आहे. त्या शेजाऱ्याचं आणि पुतणीच्या बापाचं जुनं भांडण. लग्न तासभर खोळंबलं. काकूंनी अण्णांना पंगतीत पापडसुद्धा वाढला नाही.

त्या साली दुष्काळ होता. पाण्याचा टँकर वेशीत शिरला की अण्णा ओट्यावरून ओरडत, "भरती आली!" रांगेतल्या बायका तशाही परिस्थितीत हसत. काकू मात्र हंडा आपटून म्हणत, "एवढा तुमचा समुद्र, पर प्यायला तांब्याभर उपेगाचा न्हाई."

एकदा मला हुक्की आली. मी अण्णांना म्हटलं, शाळेच्या भिंतीवर तुमचं माडबंदर काढा. गेरू आणि चुना घेऊन ते आठ दिवस भिंतीला चिकटले. डोंगर, वाड्या, मासळी सुकवायची जागा, भरतीचं पाणी शिरतं ती खाजण जमीन, समुद्राकाठची वाळूची पुळण आणि तिच्यामागं सुरूच्या झाडांची रांग. पोरं डोळे फाडून बघत बसायची.

पुढच्याच महिन्यात शाळातपासणी आली. अण्णांना मी मुद्दाम बोलावून मागच्या बाकावर बसवलं. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आपल्या तालुक्यात मुख्य धंदा कोणता?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "मासळी सुकवणे!"

माझी नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. पण साहेब भिंतीकडं वळले आणि चष्मा सावरत म्हणाले, "अहो, हे तर माडबंदर! माझं आजोळ!" ते बोट फिरवत मामाच्या वाडीपर्यंत पोचले, अगदी खुशीत. मग म्हणाले, "झकास काढलंय. फक्त ही पुळण पुसून टाका. गेल्या दोन पावसाळ्यांत समुद्रानं खाल्ली ती."

अण्णा उभे राहिले. "कुठवर?"

"सुरूच्या झाडांपर्यंत."

"झाडांच्या अलीकडं का पलीकडं?"

साहेब हसले. "एवढं कोण बघतंय हो!"

अण्णा वर्गातून निघून गेले.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. काकू आत बाजरी निवडत होत्या. अण्णा म्हणाले, "गुरुजी, तिथं आमची पोर हाय. सुरूच्या अलीकडं, गावच्या अंगाला. चार महिन्यांची हुती, तापानं गेली. बारक्या पोरांना पुरत्यात ना, तसं मीच पुरलं तिला. वाळूत दगूड टिकत न्हाई, म्हनून नकाशात ध्यानात ठिवली जागा."

आत सुपाचा आवाज थांबला होता. दोन वर्षं मी या घराच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. दोघांपैकी कुणीही हे कधी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन निघाले. "हिला सांगू नका," म्हणाले. "शेवगावला पावन्याकडं जातो म्हनलोय." मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. आणि खिडकीपाशी, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन, काकू बसल्या होत्या.

"तुमी जनू एकट्यानंच वाढवली हुती तिला," त्या म्हणाल्या. "बसा गुमान."

सहाव्या दिवशी ते परतले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा अण्णा ओट्यावर होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ऱ्हायलं न्हाई काई. सुरूची झाडंबी गेली."

मग घोटभर पाणी प्यायले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दिसभर बसलो दोघं. निघताना ही पान्यात गेली गुडघाभर, अन् नावानं हाक मारली तिला. मला वाटायचं, ही इसरली. म्हनून मी कदी नाव काढलं न्हाई तिच्यापुढं."

"काय नाव होतं?" मी विचारलं.

अण्णांनी आत पाहिलं.

काकू काटवटीत पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "शेवंता."