प्रभारी अध्यक्षांना पाणी

विद्यापीठात एखादी खोली रिकामी झाली की नाही, हे खोलीत डोकावून ठरत नाही. ते जागावाटप समिती ठरवते. वनस्पतिशास्त्राच्या बाई गेल्या, त्यांना पोचवून सगळे परत आले, शोकसभेत कुलगुरूंनी ही पोकळी भरून न निघणारी असल्याचे सांगितले. तरी बाईंची खोली नियमाप्रमाणे भरलेलीच राहिली. दाराला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाख.

बाईंचे यजमान त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर संख्याशास्त्र शिकवत. त्यांना खोलीतले काही नको होते. पुस्तके ग्रंथालयाची, कपाट विद्यापीठाचे. त्यांना फक्त खिडकीतल्या कुंडीतला नेचा हवा होता. पिसांसारख्या पानांचे ते झाड बाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या घरात लावले होते. पुढे घरे बदलली, प्रत्येक वेळी टेम्पोत कुंडी बाईंच्या मांडीवर असे. शेवटच्या घरात ऊन फार, म्हणून ती इथे आली.

"फूल नाही, फळ नाही, वास नाही. ठेवलंयस कशाला?" सर चिडवायचे.

"तुम्हालाही ठेवलंयच ना," बाई म्हणायच्या.

नेच्याला पाणी लागते. दाराच्या काचेतून सरांना तो रोज दिसे. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग पाने मिटायला लागली. सर कुलसचिवांकडे गेले.

"या सर, बसा. चहा घ्या. बाई म्हणजे काय हो... अजून खरं वाटत नाही."

"कुंडी तेवढी न्यायची होती."

"न्या की. तुमचीच आहे. फक्त बंद खोलीतून काही बाहेर काढायचं, तर जागावाटप समितीचा ठराव लागतो."

"मग बैठक घ्या."

"बैठक अध्यक्षांनी बोलवायची असते."

"अध्यक्ष कोण आहे?"

कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला. "बाईच."

"ती गेली, साहेब."

"मला का सांगता सर? मी खांदा दिलाय. पण समितीला अजून कळलेलं नाही."

"मग कळवा."

"समितीला काही कळवायचं म्हणजे बैठकीतच कळवावं लागतं. आणि बैठक..."

"अध्यक्षांनी बोलवायची."

"बघा, तुम्हाला लगेच समजलं. प्राध्यापकांना हे समजावता समजावता माझा घसा बसतो."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, नर्सरीतून दुसरा आणा ना. शंभर मिळतील."

"मिळतील गं," सर म्हणाले, आणि जेवलीस का, झोपलीस का असे काहीबाही विचारून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला गाठले. दारावर हवेसाठी झडप होती. मदतनिसाने स्टुलावर चढून झडपेतून रबरी नळी आत सोडली, काठीने ढकलत खिडकीपर्यंत नेली आणि दुसऱ्या टोकाला नरसाळे लावले.

"हे नियमात बसतं का रे?"

"नळीबद्दल कुठं काही लिहिलेलं नाही, सर. ओता तुम्ही."

सर रोज ओतू लागले. निम्मे पाणी फरशीवर जाई, पण निम्मे कुंडीत पडे. एके सकाळी सुकलेल्या पानांच्या मध्ये एक हिरवा कोंब दिसला, गोगलगायीसारखा स्वतःभोवती गुंडाळलेला. सर काचेला नाक लावून उभे राहिले. मागून विद्यार्थी जात होते, त्याचेही त्यांना भान राहिले नाही.

याच सुमारास इमारत विभागाचे अभियंते ओल बघायला आले. दाराखालून पाणी येत होते. त्यांनी काचेतून आत पाहिले आणि प्रामाणिकपणे अहवाल दिला: खोलीत सजीव वास्तव्य आढळले.

सरांना बोलावणे आले. आता कानउघाडणी होणार, असे धरून ते गेले, तर कुलसचिवांचा चेहरा फुललेला. शेजारी विधी विभागाचे प्रमुख बसले होते. विद्यापीठाचे सगळे नियम त्यांच्याच हातचे.

"सर, मार्ग निघाला!" कुलसचिव म्हणाले. "सांगा हो तुम्ही."

विधी विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "अध्यक्ष जागेवर नसतील, तेव्हा त्यांच्या खोलीत जो सजीव कायम असेल, तो प्रभारी अध्यक्ष. बाई झाडं गोळा करायला रानोमाळ जायच्या, तेव्हा त्यांच्या साहाय्यकाला काम चालवता यावं म्हणून मी हे लिहिलं होतं."

"पण ते झाड आहे."

"माणूस असला पाहिजे, असं लिहायचं घाईत राहिलं."

"झाड बैठक कशी बोलावणार?"

"तारीख मी सुचवतो," कुलसचिव म्हणाले. "प्रभारींनी हरकत घेतली नाही, की संमती. आपल्याकडे सगळं असंच चालतं ना? विरोधात कोणी, एवढंच विचारायचं. हात वर झाला तर विरोध. नाही झाला, तर सगळे सहमत. जो गप्प तो आपला."

सरांना क्षणभर हसू येणार होते. मग कोंब आठवला. "कधी घेताय?" त्यांनी विचारले.

प्रभारी अध्यक्षांना बैठकीला यायचे असल्याने लाख फोडायला काहीच अडचण आली नाही. कुंडी ट्रॉलीवरून सभागृहात आली. खुर्चीत ठेवल्यावर ती टेबलाच्या वर दिसेना, म्हणून खाली नियमावलीचे जाड खंड घातले. सर विशेष निमंत्रित होते. ते कुंडीशेजारी बसले आणि समोरचा पाण्याचा पेला त्यांनी जवळ ओढला. हातभर अंतरावर कोंब थोडा उलगडला होता.

बाई निवर्तल्याचे समितीला कळले. समिती दोन मिनिटे उभी राहिली. पद रिक्त झाले. मग बाकीचे विषय आले आणि भराभर गेले. भाषा विभागाची खोली परीक्षा विभागाला मिळाली, परीक्षा विभागाची कोणाला मिळाली ते कोणी विचारले नाही. इतिहास विभागाला जिन्याखालची जागा देण्यात आली. प्रत्येक वेळी कुलसचिव खुर्चीकडे बघून "विरोधात कोणी?" म्हणत आणि पुढे जात. शेवटचा विषय राहिला: कुंडी सरांना देणे. चहा आला, तो अजून वाफाळत होता.

"मी एक बोलू का?" इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या. त्यांना जिना मिळाल्याचे अजून उमगले नव्हते. "सर, वाईट वाटून घेऊ नका. बाई मोठ्याच होत्या. पण प्रत्येक ठरावाला 'का?' विचारायच्या. कितीदा उपाशी उठलोय इथून. आज बघा, गरम चहा!"

"खरंय," विधी विभागप्रमुख म्हणाले. "पद आता रिक्तच आहे. नवा अध्यक्ष शोधायचा, म्हणजे भांडणं. त्यापेक्षा प्रभारींनाच कायम करावं, असं मी सुचवतो."

"गटबाजी नाही, परदेश दौरे नाहीत," कुलसचिव म्हणाले, "आणि वाढतायत म्हणजे कार्यक्षमच म्हणायचे."

"साहेब, मला ते घरी न्यायचंय," सर म्हणाले.

"अध्यक्षांना? घरी? सर, तुम्ही वरिष्ठ आहात, असं बोलू नका. पण तुम्हाला तोडणार नाही आम्ही. प्रत्येक बैठकीला पाणी घालायला या. तसा ठरावच करू."

सरांनी पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बैठकीत कधी तोंड उघडले नव्हते. घरी बोलायला बाई होत्या, सरांना तेवढे पुरे.

"का?" ते म्हणाले.

सभागृह चपापले. कपबशीचा आवाज थांबला. इतिहासाच्या मॅडमनी तर दाराकडे वळून पाहिले. बाई वहाणा वाजवत आत येतील, असेच सगळ्यांना त्या क्षणी वाटले. कोणी आले नाही.

कुलसचिवांनी घाम पुसला. "ठराव मताला टाकतो. विरोधात कोणी?"

सरांनी हात वर केला. ताठ, कोपर न वाकवता. हातात पेला होता.

कुलसचिवांनी हाताकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, आणि लघुलेखकाकडे वळून सावकाश सांगितले, "लिहा. अध्यक्षांना पाणी देण्यासाठी सरांनी तत्परतेने हात वर केला. समिती त्यांची आभारी आहे."

मग त्यांनी मान उंच करून पुन्हा विचारले, "आणखी कोणी?" टेबलाभोवती नजर फिरवली, भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरवली, उघड्या दारातून बाहेर, आणि हे सगळे लांबून बघत बसलेल्यांवरूनही फिरवली. घाई अजिबात केली नाही. पुरेसे थांबले.

तुमचाही हात काही दिसला नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला.