पिलरिगला सगळे उतरा

वैजयंतीबाईंच्या पत्राला शशिधरकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र साधंच होतं. एडिनबरात पुन्हा ट्राम येणार म्हणून जिकडेतिकडे रस्ते खणताहेत, तर आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तुम्ही जुन्या ट्रामवर वीस मिनिटं बोलाल का? काकांनी त्या ट्रामवर मिळेल ते वाचलं होतं, पण चार माणसांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. होकार लिहिला की तो खोडावासा वाटे, नकार लिहिला की वाईट वाटे. दोन्ही कागद एका जाड पुस्तकात जाऊन बसले.

शेवटी बाईंचाच फोन आला.

"छे हो, मी कसला बोलणार!" काका म्हणाले.

मराठी माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. काका पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ते अगदी कळवळून नाही म्हणाले, तेव्हा बाईंची खात्री पटली आणि त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून टाकलं.

त्या शनिवारी काका आणि मनीषाकाकू बसने लीथच्या हॉलकडे निघाले. बसमध्ये निम्मं मंडळच होतं.

"अहो, चेहरा बघा जरा. कोणाला पोचवायला निघालात असं वाटतंय."

"सगळे हसतील गं मला."

"हसले तर बरंच. झोपतील याची मला भीती आहे."

लीथ वॉक रस्त्यावर पिलरिगच्या स्टॉपपाशी बस थांबली. पुढे रस्ता खणलेला. "ऑल चेंज, प्लीज!" ड्रायव्हर ओरडला. "पलीकडून दुसरी बस येईल. कधी, ते मला विचारू नका."

सगळे भर पावसात फुटपाथवर उतरले. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलहून नुकताच बदलून आलेला यतीन चकल्यांचा डबा जॅकेटखाली धरून चिडला. "टू थाउजंड एट चालू आहे आणि असं मध्येच उतरवतात? सीरियसली, असं कुठे असतं?"

"इथेच असतं," काका म्हणाले.

सगळे वळले. काका दचकले. पण बोलून गेले होते, आता अर्धवट सोडणं बरं दिसेना.

"याच जागी. इथपर्यंत एडिनबरा, इथून पुढे लीथ. दोन्ही गावांचं पटत नव्हतं. एडिनबराची ट्राम रस्त्याखालून फिरणाऱ्या दोराला धरून चालायची. लीथने विजेची आणली. मग सगळ्यांनी इथे उतरायचं, भिजायचं आणि दुसरी ट्राम पकडायची. कित्येक वर्षं!"

"आणि तो दोर तुटला तर, काका?" कोणीतरी विचारलं.

"त्या दोरावरच्या सगळ्या ट्राम जागच्या जागी उभ्या."

"म्हणजे सर्व्हर डाउन!" यतीन म्हणाला, आणि लोक हसले. काकांना आश्चर्य वाटलं ते याचं, की त्या हसण्याने त्यांना काहीच झालं नाही.

रांगेतल्या एका स्कॉटिश आजींना त्यातलं 'पिलरिग' आणि 'ट्राम' एवढंच कळलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझी आजी इथेच भिजत उभी असायची. आजोबा तिला इथेच भेटले. पुढची ट्राम वेळेवर आली असती तर मी नसते."

बस आली तरी कोणी काकांना सोडेना. "काका, इथे बसा. मग दोर कधी गेला? विजेची ट्राम सगळीकडे कधी आली?" काका सांगत राहिले.

हॉलवर पोचायला फार उशीर झाला. वैजयंतीबाई धावतच आल्या. "काका, सॉरी हं! हॉल वेळेत रिकामा करायचाय. मुलांचं नाटुकलं काढलं तर आया मला जगू देणार नाहीत. तुमचं भाषण ड्रॉप करावं लागतंय. तुम्ही नाहीतरी नकोच म्हणत होतात ना?"

"छे छे, बरंच झालं," काका म्हणाले. बाईंनी या वेळी मात्र पहिल्याच शब्दावर विश्वास ठेवला.

जेवताना काकांचा घास तोंडातच फिरत होता.

"आता काय झालं? सुटलात ना?" काकूंनी विचारलं.

"अगं, पण शेवटची ट्राम सांगायची राहिलीच."

सोमवारी सकाळी ते लिहायला बसले. 'आपलं पत्र मिळालं. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. जुन्या ट्रामवर बोलायला मला आवडेल. वीस मिनिटं मात्र पुरणार नाहीत.'

काकूंनी खांद्यावरून वाचलं. "अहो, दिवाळी होऊन गेली."

"पुढची येईलच की."

ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले. पाकीट अर्धं आत धरून थोडा वेळ थांबले. मागे कोणीतरी खाकरलं तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं.