मानोजी अण्णांचा तोडा

टीव्हीवर बंदूक उडाली की आमच्या बसवनगुडीतल्या घराचा जिना हादरतो. बंदुकीने नव्हे, खाली राहणाऱ्या मानोजी अण्णांच्या आवाजाने. "तोडा कुठाय रे? पेटता दोर नाही, तर बार उडाला कसा? शाप देऊन?"

अण्णा माझे घरमालक. त्यांचे पूर्वज फार पूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. त्यांची तोड्याची बंदूक अजून हॉलच्या भिंतीवर आहे. मी पुण्याहून आलो, घर बघायला गेलो, तर भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला आणि ती बंदूकच माझ्या हातात आली. माझा खांदा खाली गेला.

"जड आहे की नाही? आणि तुमचे टीव्हीवाले एका हातानं फिरवतात, केरसुणी फिरवावी तशी!"

तुमचे म्हणजे माझे! मी काय मालिका काढतो? पण ऐतिहासिक मालिका लागली की खालून मलाच हाक. दारू ठासा, गोळी घाला, गजाने ठोका, कानात रंजकाची बारीक दारू भरा, मग पेटता तोडा टेकणार, तेव्हा कुठे एक बार. पडद्यावरचा शिपाई मात्र पळता पळता बारावर बार काढतो. ना धूर, ना धक्का. "फायबरची नळी! साकु, साकु!" असं कानडीत 'पुरे झालं' म्हणत अण्णा उठतात आणि लगेच बसतात. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, रिमोटला हात लावला तर त्यांच्यावर खेकसतात.

एकदा मीच वैतागलो. "एवढा त्रास होतो तर बघता कशाला?"

उत्तर अक्कांनी दिलं. "त्या बंदुका आमचा किरण करतो की, मुंबईत. खंडेनवमीला ह्या बंदुकीची पूजा चाललेली, आणि हे सगळ्यांपुढं त्याला म्हणाले, खोटी शस्त्रं करणाऱ्यानं हिला हात लावू नये. तेव्हापासून पोरगा घरी आला नाही. फोन करतो, तो मला."

मला भयंकर राग आला. पोटच्या पोरापेक्षा लोखंड मोठं? तोंडावर बोललोही तसं. अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

यंदा खंडेनवमीच्या आधी ते गच्चीवर सुती दोर वळत बसलेले दिसले. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळतही घातले. पूजेला बघतो तर बंदुकीला जुनाच तोडा. नवे कुठे गेले विचारलं, तर माझ्यावरच डाफरले, "तुला काय करायचंय?"

दिवाळी झाल्यावर पुन्हा हाक आली. मालिकेतला शिपाई झाडीत दबा धरून होता. त्याने मनगटाचा दोर सोडला, पेटतं टोक फुंकलं, नेम धरला. क्षणभर काहीच नाही. मग बार, आणि पडदाभर धूर.

मी अण्णांकडे बघितलं. ओरडा आलाच नाही.

"पार्सल पोचलं म्हणायचं," अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

"तोडा स्वल्प लांब ठेवलाय गाढवानं," अण्णा पडद्याकडे बघतच बोलले. "फोन लाव. सांग त्याला."

अक्कांनी फोन लावला आणि त्यांच्याच हातात कोंबला. "तुम्हीच सांगा."

पलीकडून "हॅलो, आई?" ऐकू आलं. अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"किरण, दोर पेटवताना हात नाही ना भाजला रे?"