उंदरांची वामकुक्षी

वहिनींचं संशोधन छापून आलं, त्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या दिराला झाला. दुपारी झोपलेल्या उंदरांना भुलभुलैयातली वाट जास्त लक्षात राहते, एवढंच त्यात म्हटलं होतं; तेही 'कदाचित' लावून.

दिराने ते फेसबुकवर टाकताना, वाचायला सुटसुटीत व्हावं म्हणून 'कदाचित' काढलं. पुढे कुणीतरी उंदीर काढले. संध्याकाळपर्यंत उरलं ते एवढंच : दुपारी झोपा, बुद्धी वाढते, विज्ञानाने सिद्ध.

"भावोजी, अहो, ते उंदीर होते!"

"वहिनी, खाली तीनशे माणसांनी स्वतःचा अनुभव लिहिलाय. तुमच्याकडे उंदीर किती होते?"

"चोवीस."

"बघा!"

वहिनींनी खाली नम्रपणे खुलासा लिहिला. एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, तुमचा या विषयाशी संबंध काय?"

"ते संशोधन माझंच आहे."

"मग पुन्हा एकदा नीट वाचा."

दुसऱ्या दिवशी दीर ऑफिसात जेवून टेबलावर डोकं टेकून झोपला. त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब याच महिन्यात ठरवणार होते. शेजारच्याने हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाला, "विज्ञान चाललंय." आठवडाभरात अख्खा विभाग विज्ञानाला लागला. फोन वाजून वाजून आपणच गप्प होऊ लागले.

साहेबांनी बोलावलं. "हे काय चाललंय?"

"संशोधन आहे साहेब. माझ्या सख्ख्या वहिनीचं."

"असं? आणून दाखवा."

दीर घामाघूम होऊन घरी आला. "वहिनी, नोकरी तुमच्या हातात आहे. ते अख्खं द्या, आकड्यांसकट. बघूनच साहेबांनी हात टेकले पाहिजेत."

"आणि त्यांनी वाचलं तर?"

"वाचतंय कोण!"

साहेबांनी वाचलं. तळटीपांसकट.

"अभिनंदन," ते दिराला म्हणाले, "तुम्हाला कायम केलंय. दुपारची झोपही मंजूर. मात्र वाट सापडेपर्यंत उंदरांना खायला देत नव्हते, आणि प्रयोग संपेपर्यंत पिंजऱ्याबाहेर सोडत नव्हते. उद्यापासून आपल्याकडेही तसंच. विज्ञान अर्धंमुर्धं घेऊन कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी दीर घरी आला तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. वहिनींनी पान वाढलं. चार घास पोटात गेल्यावर त्याला कंठ फुटला.

"वहिनी, रागावू नका, पण एवढं सविस्तर लिहायची काही गरज होती का?"